तोंड उघडून बोल, सूनबाई

माझी सून गीतांजली राजापेठेतल्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गाला शिकवते. दिवाळीनंतर संस्थेचे अध्यक्ष तिचं इंग्रजी ऐकणार होते. उच्चार जमले तरच वर्ग तिच्याकडे राहणार होता.

अंगणात शेतातल्या शेवंतीची फुलं निवडताना ती मोबाइलमागोमाग इंग्रजी शब्द म्हणायची. एकटी असली की छान म्हणायची. मी अंगणात आलो की पदर ओठांवर आणि आवाज पोटात. आमच्या भातकुली गावाकडे सून सासऱ्यापुढे दात दाखवत नाही. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, आईचं पाहून अंगात मुरलं होतं. आणि अध्यक्ष होते माझ्याच वयाचे.

म्हणून मीच म्हटलं, "माह्यापुढं बस अन् म्हण."

"नाई जमत, मामाजी."

"मले कुठं इंग्रजी येते? मी काय चुका काढतो तुह्या?"

'व्हॅन' म्हणायला वरचे दात खालच्या ओठावर टेकवावे लागतात. 'वॉटर'ला शिट्टी वाजवल्यासारखा ओठांचा चंबू. रोज संध्याकाळी मी खुर्चीवर, ती समोर पाटावर. पहिले काही दिवस ती जमिनीलाच इंग्रजी शिकवत होती.

स्वयंपाकघरातून माझी बायको दुर्गाबाई ओरडायची, "सुनेचे दात मोजून झाले असतीन तं जेवाले या! सासऱ्यापुढं शिट्टी! हेच पाह्याचं राह्यलं होतं."

मी अक्षरं शिकलो पन्नाशीत, पाटीवर. चुकलं की हातानं पुसायचो, कोणाला दिसायचं नाही. हिची चूक तोंडातून निघाली की गेली, मागे घेता येत नाही. शेतातून आल्यावर माझी पाठ बसू देत नसे. कधी खुर्चीतच डुलकी लागायची. जाग आली की ती म्हणतच असायची.

परीक्षेच्या दिवशी ती आली आणि चपला काढून पायरीवरच बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याईले पाह्यलं अन् तोंड मिटलं, मामाजी. ते म्हणे, झालं, या तुमी आता."

"मंग?"

"मंग मी म्हटलं, सर, थांबा. मी अजून बोललीच नाई. पुन्हा आयका."

"अध्यक्षाले म्हटलं असं?" दुर्गाबाई दारात आली.

"म्हटलं. मंग सगळं म्हणून दाखोलं. अर्धं चुकलं. मार्चपर्यंत वर्ग माह्याकडंच ठेवला. मार्चात पुन्हा आयकतीन."

मार्च. आनंद झालाच, पण त्याच्या आधी पाठ दुखली.

"उद्यापासून बसू मंग," मी म्हटलं.

"नका, तुमी पडा आता. मी त्याईलेच म्हटलं, दर शनिवारी आयकत जा."

"अन् ते?"

"म्हणे, बरं."

मी आत जाऊन खाटेवर आडवा झालो. बाहेर गीतांजली सासूला म्हणत होती, "मामी, थकली मी. घोटभर चहा टाकता काय?" या घरात आल्यापासून तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. दुर्गाबाईनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं भांडं गॅसवर आदळल्याचा आवाज आला.