छत्रीचा गुन्हा

आमच्या जुन्या गाडीत माझ्या पायाशी तळं साचायचं, आणि नवरा दोन वर्षं त्याचं खापर माझ्या ओल्या छत्रीवर फोडत होता. शेवटी माझं डोकं फिरलं. छत्री घरात ठेवली, गाडीतली मॅट उचलली, खालच्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि टॉर्च घेऊन आत बसले. त्याला म्हटलं, "आता बाहेरून पाइपने पाणी मार. काचेपासून सुरू कर, आणि सावकाश."

त्याने पुढच्या काचेवर पाणी मारलं, आत कोरडं ठणठणीत. टपावर मारलं, तरी कोरडं. माझ्या बाजूच्या दारावर मारलं, आणि दाराकडून पावडरीत एक ओघळ सरपटत आला.

मी उतरून दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. तीन टणक गोळे लागले.

"हे काय आहे?"

"सिलंट. तिथे भोकं होती, मीच बुजवली," तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला. "झाली की दोन वर्षं."

"अरे, दारात शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून असतात ती भोकं."

केसांतली पिन काढून मी एकेक गोळा उकरला. दारातून भसाभसा पाणी आलं आणि थेट त्याच्या नव्या बुटांत गेलं.

त्याने बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघ," तो म्हणाला, "किती गळायची तुझी छत्री."

पाइप अजून चालूच होता. मी तो त्याच्या हातातून घेतला.