सहावा संदेश

दुपारची वेळ होती. घरात सामसूम होती. एवढ्यात 'टक्' असा आवाज झाला. पाल नव्हती, नळ नव्हता. मित्रांनो, तो आवाज माझ्या पोटातून आला होता. माझ्या दुखण्याची ती सुरुवात.

मी एक जुना संगणक आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फळांच्या टोपलीशेजारी माझी जागा. या घरातल्या छोट्या टिल्लीच्या आईनं कॉलेजात असताना मला स्वतःच्या हातांनी जोडलं. ती एकेक स्क्रू पिळत होती आणि तिचे वडील, म्हणजे आबा, वरून विजेरी धरून विचारत होते, "लिफ्टसारखा मधेच अडकणार नाही ना गं हा?" आबा लिफ्ट चालवायचे. अकरा मजले, एकतीस वर्षं.

पुढे आजारपणात त्यांनी नातीसाठी माझ्यात गोष्टी बोलून ठेवल्या. मजल्यागणिक एक. "पाचवा मजला! हत्ती आत येतोय, सगळ्यांनी पोटं आत घ्या!" नववी गोष्ट खोकल्यात अर्धी राहिली. मग आबा गेले. पाच वर्षांची टिल्ली रोज जेवताना एक मजला ऐकायची. त्या गोष्टी माझ्या डिस्कवर होत्या, आणि फक्त तिथंच. "या रविवारी दुसरी प्रत काढतेच," असं आई म्हणायची. रविवारी कपड्यांचा ढीग वाट बघत असायचा.

आता तिच्या कामाविषयी सांगतो. आम्हा संगणकांच्या आत कर्नल नावाचा कारभारी असतो. पंखा, डिस्क, कळफलक, सगळे त्याच्या हाताखाली. ठिकठिकाणचे लोक त्यात सुधारणा सुचवतात. त्या तपासून 'घ्या' किंवा 'परत' असं सांगणाऱ्यांत टिल्लीची आई होती. हिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं तिचं नाव होतं.

आजवर आमचं काही बिनसलं, की कर्नल ते एका नोंदवहीत लिहून ठेवायचा. ती वही उघडतंय कोण? माझी डिस्क महिनाभर कण्हत होती, पानंच्या पानं भरली होती. अशात एका तरुण अभियंत्याची सुधारणा आली. बिघाड झाला, की संदेश सरळ पडद्यावर, माणसाच्या डोळ्यांसमोर. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाचा फुटणार होती.

टिल्ली दुपारी झोपली, की आई तपासायला बसे. तिनं नवा कर्नल माझ्यात चढवला. मग मुद्दाम पाच खोटे बिघाड घडवले. त्यातला एक होता, 'डिस्क निकामी होत आहे.' पडद्यावर संदेश उमटले. तिनं मोजले. सहा भरले. डिस्कचा संदेश दोनदा आला होता.

दुसरा माझा होता. खरा.

"अगं बाई! पाच टाकले नि सहा उगवले?" तिनं पुन्हा मोजले आणि त्या अभियंत्याला उद्देशून पुटपुटली, "दादा, घाईत लिहिलंयस हे." आणि शेरा मारला: 'एक संदेश दुबार येतो. परत.' तेवढ्यात टिल्ली उठली आणि ती आत गेली.

दोन दिवसांनी जेवताना टिल्लीनं पाचवा मजला मागितला. डिस्क थोडी फिरली, खरखरली आणि थांबली.

दुरुस्तीवाल्यानं ती उघडून पाहिली. "ताई, आतली तबकडी पार खरवडलीय. काही निघायचं नाही यातून."

"एक तरी गोष्ट? ती अर्धी असली तरी चालेल."

"नाही हो."

त्याच्या दुकानातच आईनं फोन उघडला. अभियंत्याचं उत्तर कालपासून पडून होतं. 'ताई, माझ्याकडे पाचच येतात. सहावा तुमच्या मशीनचा तर नाही ना? आधी प्रत काढून घ्या, बाकी मग बघू.'

मित्रांनो, तिच्यावर रागावू नका. तिची नजर खोट्यावर होती, कारण खोटं तिनंच मांडलं होतं. पण आपण ज्याला तपासतो, त्यालाही कधी काही सांगायचं असतं. त्याचं एकदा ऐकून घ्या. आणि ज्या आवाजावर तुमचा जीव आहे, त्याची दुसरी प्रत आजच काढा.

काल तिनं फोनवरून शेरा बदलला: 'चूक माझी होती. घ्या.' आता इतर संगणक वेळेवर बोलतील. मग टिल्लीला मांडीवर घेऊन तिनं घडलेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. टिल्लीनं माझ्या काळ्या पडद्यावरून बोट फिरवलं.

"आई, त्यानं खरं सांगितलं होतं ना? मग तुला ते खोटं का वाटलं?"