दिएपच्या नडगीतला प्रवाळ

मी एक जुना प्रवाळाचा तुकडा आहे. खरं तर आता चिमूटभरच उरलो आहे आणि मित्रांनो, त्याचाच मला आनंद आहे.

व्हिएतनामच्या समुद्रात असंख्य इवल्या जिवांनी मला बांधलं. माझ्या अंगभर बारीक छिद्रं, प्रत्येक शेजारच्याला जोडलेलं. या छिद्रांसाठीच माणसांनी मला निवडलं. धुऊन, कापून, निर्जंतुक करून डॉक्टर खिएम यांनी मला दिएपच्या नडगीत बसवलं. ती होन खोईच्या मिठागरात कावडीनं मीठ वाहायची. बांधावरून घसरून हाड मोडलं, जखम चिघळली आणि बोटभर हाड काढावं लागलं होतं.

माझ्या छिद्रांतून आधी रक्त आलं, मग हाडाच्या पेशी. माझ्या भिंतींवर त्या नवं हाड रचू लागल्या. मी झिजत झिजत त्यांना जागा देत होतो.

तिसऱ्या महिन्यात एक्स-रेत मी पांढराशुभ्र दिसलो. दिएप खूश झाली. मिठागरात पांढरं तेच चांगलं. सहाव्या महिन्यात मी फिकट दिसलो. डॉक्टर म्हणाले, "आता पायावर भार द्या." तिनं मान हलवली, पण मनात धसका घेतला. अवकाळी सरीत मिठाच्या राशी विरघळताना तिनं पाहिल्या होत्या. तिनं पाय टेकलाच नाही. आत मी वाट पाहत राहिलो. भार येईना, पेशींचं काम मंदावलं.

नवव्या महिन्यात मैत्रीण हान तिच्यासोबत आली.

"पाय टेकता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"टेकते कसली," हान म्हणाली. "बगळ्यासारखी एका पायावर उभी असते."

दिएप म्हणाली, "डॉक्टर, तो विरघळतोय. आमच्याकडे विरघळलं ते गेलं."

"मिठाचं खरं आहे. पण हा विरघळायलाच बसवलाय. तो हटला तिथं हे बघा, तुमचं स्वतःचं हाड आलंय. त्याला भार लागतो. भारच नसला, तर ते कशाला मजबूत होईल?"

दिएपनं एक्स-रेवर त्या जागी बोट ठेवलं. "मग मी तीन महिने..."

"बगळा झालीस," हान म्हणाली. "चल, टेबलावरून उतर खाली."

तिनं हानचा खांदा धरून पाय टेकला. माझ्यातून पहिल्यांदा तिचं वजन गेलं. मी तुटलो नाही.

पुढच्या हंगामात ती कावड घेऊन बांधावर चढली, तेव्हा बहुतेक भार तिच्याच हाडानं पेलला. मला फारसं काही करावं लागलं नाही.

मित्रांनो, भीती वाटली तर डॉक्टरांना विचारा, मनात दडवू नका. हाडांना चालू द्या, भार वाहू द्या. आणि माझ्यासाठी हळहळू नका. माझी जागा आता दिएपची आहे.