मी मंगलाच्या किडनीवरची गाठ

मी गाठ बोलून राहिली. दचकू नका, मागे सरकू नका. मंगलाच्या उजव्या किडनीवर बसलेली गाठ. कॅन्सर नव्हे. हे आधीच सांगते, कारण माझं नाव निघालं की लोक माणूस जिवंत असतानाच रडायला बसतात.

माझा जन्म कधीचा, मलाच ठाऊक नाही. बारसं कोणी केलं नाही. चरबी, रक्ताच्या नळ्या आणि थोडं मांस, एवढ्यावर मी संत्र्याएवढी झाली. कधी दुखली नाही, कुरकुरली नाही.

माझी मालकीण मात्र गप्प बसणारी नव्हती. पांढुर्ण्याला जाम नदीवर कपडे धुताना ती पलीकडच्या काठाला, सावरगावच्या मोठ्या बहिणीला, देवकाबाईला, हाक मारायची, "बाई वोऽऽ!" फोन घरी पडलेला. बहिणीशी भांडण असो की भाजीची चौकशी, सारं पाण्यावरून.

मग ती हाक अर्ध्या नदीत पडायला लागली. मंगलाला दम लागे. "कापसाच्या धुळीचा दमा आहे," शेजारपाजाऱ्यांनी ठरवलं. कोणी काढा दिला, कोणी म्हटलं वय झालं. चाळिशीच्या बाईचं वय! बाईला दम लागला की लोकांना कारण लगेच सापडते, डॉक्टर सापडत नाही.

एकदा पोटात कळ आली, माझी नव्हे, म्हणून नागपूरला सोनोग्राफी झाली आणि मी पकडली गेली. नवरा उत्तम भिंतीला टेकून खालीच बसला. देवकाबाईनं गळा काढला.

"काहून रडून राहिली वो बाई? मी मेली का? मेल्यावर रड. आता पाणी दे मले."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ साधी आहे. फार मोठी झाली तर रक्त सांडू शकते, म्हणून नजर ठेवू. पण तुम्हाला दम लागतो ना? मग छाती पाहू."

शाबास! मला पाहून वर पाहणारी ही पहिलीच. फुप्फुसभर बारीक बुडबुडे निघाले, अनारशाच्या जाळीसारखे. रोगाचं नाव लॅम. फार थोड्या बायांना होतो. ते बुडबुडे आणि मी एकाच घराण्यातले. मी दिसली म्हणून ते सापडले.

"मुळातून जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण रोजच्या गोळीनं बहुतेकदा थांबतो."

"अन् माही हाक?"

"कसली हाक?"

उत्तमनं नदीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. "मारून पहा. दम लागला की थांबा."

गोळी सुरू झाली. तिनं तोंडात छाले आणले, मंगलानं गोळीला शिव्या दिल्या आणि घेतली. वरचे बुडबुडे वाढायचे थांबले. माझं तर संत्र्याचं लिंबू झालं. वाईट कशाचं वाटायचं? पाहुणीनं किती दिवस खावं?

आज मंगला पुन्हा नदीवर आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई..." मधे थांबली. श्वास घेतला. "...वोऽऽ!"

पलीकडे कपड्याची आपट थांबली.

"अवं ऐकून राहिली ना! बहिरी नाही झाली मी!"

मंगला एवढी हसली की दम लागला. दगडावर बसली, दम खाल्ला, मग विचारलं, "भाजी कोणती केली वो?"

बायांनो, दम लागला तर धुळीवर ढकलू नका, छाती दाखवा. माझ्यासारखी कोणी सापडली तर रडायच्या आधी तिला विचारा, ती काय सांगायला आली. माझं काय, मी आहे तेवढी पुरे.

थांबा, पलीकडून उत्तर येऊन राहिलं.

"वांग्याची! ये खायाले!"