न वाळणारी जुडी

मित्रांनो, मी तांब्याचे एक जुने पातेले आहे, पण माझ्यात अन्नाचा कणही कधी शिजला नाही. तांबटाने मला एका मोठ्या स्वयंपाकघरासाठी घडवले होते. बुडाशी एक ठोका जास्त बसला आणि मी डुगडुगू लागले. गिऱ्हाइके मला टिचकी मारून पुढे जात. शेवटी रंगारीण मावशीने मला उचलले.

मावशी फुलदाणीत ठेवायचे गवत रंगवून विकत असे. तिची भाची नदीकाठचे तुरे कापून आणी. माझ्यात रंग आणि तुरटी उकळायची, जुड्या बुडवायच्या आणि देठ सरळ राहावेत म्हणून माळ्यावर उलट्या टांगायच्या. दहा-बारा दिवसांत गवत कडकडीत वाळे. "या पातेल्यासारखा रंग दुसऱ्या कशात चढत नाही," असे मावशी म्हणे, तेव्हा मी फुगून जाई.

एका दुपारी शिंपीणबाई आली. तिच्या हातात कंगवा होता आणि त्याच्या दातांत चार-पाच लांब केस अडकले होते.

"या रंगाचं गवत मिळेल?"

मावशीने केस उजेडात धरले. "मिळेल की. कुणाचे आहेत?"

"लेकीचे. दोन वर्षं झाली. नदीवर गेली ती आलीच नाही."

मावशीने चूल पेटवली. असा तपकिरी रंग जमायला एरवी तीन-चार वेळा खटपट करावी लागे. त्या दिवशी तिच्या हातून रंग जास्तच पडला. तरी जुडी पहिल्याच बुडवणीत हुबेहूब त्या केसांसारखी निघाली.

जुडी माळ्यावर टांगली आणि ठिबकणारा रंग धरायला खाली मला ठेवले. शेजारच्या जुड्या वाळल्या, पण ही काही वाळेना. वीस दिवस झाले तरी टप टप चालूच. माझ्यात पडत होते ते रंगीत नव्हते, ते नितळ गार पाणी होते. आयुष्यभर उकळते रंग पोटात घेतलेले मी, पण त्या थेंबांनी मला हुडहुडी भरली.

"मावशी, छत गळत नाही, पाऊस नाही. मग हे पाणी येतं कुठून?" भाचीने विचारले.

"गवत कुठून कापलंस?"

भाचीचा चेहरा उतरला. "नदीच्या वळणावरून. ती मुलगी नाहीशी झाल्यापासून तिथं कुणीच जात नाही, म्हणून तुरे लांब होते." मग ती घाईने म्हणाली, "जाळून टाकू या ना!"

मावशीने काडेपेटी हातात घेतली आणि परत ठेवली. "तिच्या आईला न विचारता?"

मावशीने बोलावल्यावर शिंपीणबाई माळ्यावर आली. एक थेंब तिच्या कपाळावर पडला. ती दचकली नाही.

"ओल्या केसांनीच झोपायची," ती म्हणाली. "रोज ओरडायचे मी तिच्यावर."

तिने टॉवेल मागितला, एकेक तुरा टिपला आणि मग अलगद विंचरला. हळू आवाजात ती काहीतरी बोलत होती. मध्येच थांबे, उत्तर ऐकत असल्यासारखी. ती थांबली की वारा नसताना माळ्यावरच्या सगळ्या वाळक्या जुड्या एकदम सळसळत. भाचीने मावशीचा हात घट्ट धरला होता.

ऊन उतरायच्या आत थेंब थांबले. शिंपीणबाईने जुडी खांद्यावर घेतली. झोपलेल्या मुलाचे डोके सावरावे तसा तुऱ्यांवर हात ठेवून ती जिना उतरली.

भाची त्या वळणावर पुन्हा गेली नाही. आता मावशी थकली आहे. भाची फवारायच्या रंगाचे डबे आणते आणि मी माळ्यावर पालथे पडून हिरवे पडत चालले आहे. त्याची तक्रार नाही.

एवढेच सांगते, मित्रांनो, तुमच्या घरी असे गवत असेल तर धूळ हलक्या हाताने झाडा. गुंतलेले तुरे हिसडून तोडू नका. ते कोणत्या पाण्याकाठी, कुणाच्या सोबतीने वाढले, हे तुम्हाला ठाऊक नसते. आणि कधी बोटांना ओल लागली, तर ओरडू नका. आधी टिपून घ्या.