चावणारी व्याख्या

शेठनी मिठाची बरणी उचलून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली, मग पेला उचलून बरणीच्या पलीकडे ठेवला, आणि शेवटी दोन्ही वस्तू होत्या तिथं नेऊन ठेवल्या.

"चावतेय," ते म्हणाले.

समोर बसलेल्या बाईंनी हातातल्या कागदावर आडवी रेघ मारली. कागदावर अशा रेघा बऱ्याच झाल्या होत्या.

"ठीक आहे. परत लिहिते," बाई म्हणाल्या. "उद्या बघू."

"मनाला लावून घेऊ नकोस गं. बसेल कधीतरी."

शेठ म्हणजे बाईंचे यजमान. उभं आयुष्य त्यांनी चपला-बुटांच्या दुकानात काढलं. दुकान विकून टाकलं तरी गल्ली त्यांना शेठच म्हणायची. बाई नोकरी करत होत्या पारिभाषिक कोशाच्या कार्यालयात. विज्ञानाच्या आणि अभियांत्रिकीच्या सगळ्या शाखांचा मिळून एकच कोश करायचा, आणि एकेका संज्ञेची व्याख्या अशी लिहायची की ती रसायनवाल्यांनाही चालेल आणि यंत्रवाल्यांनाही, असं ते काम. दोन जावांनी एका चुलीवर रांधावं तसला प्रकार. सध्या अडली होती ती 'संपृक्तता'. रसायनवाले म्हणत, विरघळण्याचा उल्लेख हवाच. चुंबकवाले म्हणत, आमचं लोखंड काय पाण्यात विरघळवता? दोघांची समजूत घालून बाईंनी एक वाक्य कसंबसं उभं केलं होतं, तर ते शेठपाशी येऊन आडवं झालं.

कारण तज्ज्ञांनी मान डोलावली म्हणजे व्याख्या पास झाली, असं त्या कार्यालयात नव्हतं. तिथं 'परका' लागायचा. परका म्हणजे त्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेला माणूस. त्याला संज्ञा सांगायची नाही, नुसती व्याख्या वाचून दाखवायची. मग हाताशी असेल ती वस्तू घेऊन, सुचेल ते उदाहरण देऊन त्यानं ती समजावून द्यायची. जमलं की परक्याची सही. नाही जमलं तर व्याख्येत खोट आहे असं धरून ती परत लिहायची. परक्याकडे बोट दाखवायचं नाही, हा तिथला पहिला नियम होता आणि तो सगळे निमूट पाळत.

बाईंचा परका घरातलाच होता. शेठ व्याख्या ऐकायचे ते पायात जोडा घालून बघावा तसे. "टाचेत चावते," म्हणाले की वाक्याचा शेवट बिघडलाय. "पंज्यात घट्ट होतेय," म्हणाले की एका ओळीत फार कोंबलंय. बाई त्या जागी दोन शब्द हलवायच्या आणि व्याख्या चालायला लागायची. पहिल्या खंडाच्या वेळी बाईंनी वाचलं होतं, "प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारी आणि तो उलटा वळताच आपोआप बंद होणारी योजना." शेठनी डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं, "म्हणजे तुझा भाऊ. आपल्या घरात येतो सरळ. जा म्हटलं की दार बंद." ती एकदिशा झडप त्या दिवसापासून कार्यालयात 'बाईंचा भाऊ' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. खुद्द प्रमुखांनीसुद्धा एकदा, चेहरा न हलवता, बाईंचा भाऊ छापखान्यात गेला का, असं विचारलं होतं.

आता मात्र काही केल्या बसत नव्हतं. संपृक्तता नाही, त्याच्या आधीची श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, नाही, त्याच्याही आधीचा विद्युतरोध नाही. बाई लिहीत होत्या, सोपं करत होत्या, आणखी सोपं करत होत्या. आपला हात गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वय झालं की गळ्यातला सूर जातो, तसं लिहिणाऱ्याचंही होत असणार, असं स्वतःला सांगून त्या झोपायच्या.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी त्यांना आत बोलावलं. प्रमुखांना सगळे पाठीमागे पूर्णविराम म्हणत, कारण कुणाचंही वाक्य लांबलं की ते स्वतःच संपवून टाकत.

"बाई, श्यानतेची व्याख्या परत आलीय. तज्ज्ञ म्हणतात, ही शाळेच्या पुस्तकात शोभेल."

"सर, ती सोपी करताना जरा—"

"नेमकेपणा गेला. तुमच्याकडून असं होत नाही. अख्खा खंड तुमच्या 'व', 'श' आणि 'स'पाशी थांबलाय. सोमवारी छापखान्याकडे द्यायचाय. नाहीतर ही अक्षरं दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागतील."

बाई जागेवर येऊन बसल्या. शेजारच्या टेबलावर धाकटी होती. ती शिक्षणानं इंजिनिअर आणि वयानं कार्यालयात सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. तिनं बाईंचा चेहरा पाहिला आणि खुर्ची ओढून जवळ आली.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगू? परका बदलून बघा की एकदा."

"का? माझ्या परक्यात काय वाईट आहे?" बाई फणकारल्या. "इतकी वर्षं त्यांच्याच कानावर घालून कोश उभा राहिलाय."

"वाईट काहीच नाही हो. पण माझ्या सासूबाईंना फोन लावून बघूया का? मी सांगितलेली एकही गोष्ट त्यांना आजवर पटलेली नाही. त्यांच्याइतका परका अख्ख्या गावात मिळायचा नाही."

बाईंना हसू आलं. धाकटीनं फोन लावून टेबलावर ठेवला. बाईंनी समोरचे कागद चाळले. ताजी, पातळ झालेली व्याख्या परक्या घरी वाचायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी सगळ्यात खालचा, पहिला मसुदा काढला आणि वाचला, "ठरावीक परिस्थितीत एखाद्या पदार्थात किंवा व्यवस्थेत जेवढे जास्तीत जास्त सामावू शकते तेवढे सामावलेले असण्याची स्थिती, ज्यापुढे भर घातली तरी सामावलेल्यात वाढ होत नाही."

"म्हणजे आमचं कपाट," पलीकडून आवाज आला. "गच्च भरलंय. सूनबाई नवीन कपडे आणून कोंबतात, की पहिले खाली पडतात. आतले आहेत तेवढेच. झालं का? माझी मालिका लागलीय."

धाकटीनं कपाळाला हात लावला, पण ती हसत होती. "ताई, कपाट माझ्या डोक्यावर आलं, पण व्याख्या पहिल्या फटक्यात पास! आता पुढची वाचा, तीही पहिलीच."

श्यानताही पास झाली. मध आणि पाणी ताटलीत ओतून बघा म्हणून सासूबाईंनीच उलट दम दिला. विद्युतरोधाला थोडा वेळ लागला, पण अरुंद जिन्यावरच्या गर्दीपर्यंत त्या बरोबर पोचल्या. मग त्यांनी फोन ठेवून दिला.

"कमाल आहे," धाकटी म्हणाली. "यात काहीच तर नाही बिघडलेलं. शेठ कुठं चावते म्हणाले होते?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना काही आठवेना. टाचेत की पंज्यात, शिवणीशी की तळव्याला, कुठं? त्यांनी कागद उलटेपालटे केले. गेल्या कित्येक आठवड्यांत शेठनी जागा सांगितलीच नव्हती. नुसतं चावतेय म्हणाले होते, प्रत्येक वेळी तेवढंच, आणि बाईंनीच मनानं एक जागा ठरवून शब्द बदलले होते. परक्याकडे बोट दाखवायचं नाही हा नियम त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की समोरचा माणूस त्यांनी धड पाहिलाच नव्हता.

"म्हणाले होते काहीतरी," त्या पुटपुटल्या, आणि पाणी प्यायला उठल्या.

संध्याकाळी निघताना त्यांनी कपाटातून पहिला खंड काढून पिशवीत घातला. रस्ताभर ते वजन खांद्याला जाणवत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना वाटत होतं, की आपण लिहिलेली, छापून गेलेली, चार लोकांनी वाखाणलेली व्याख्या चुकीची निघावी. वाक्यात खोट असली तर ते दुरुस्त करता येतं. दुसरं काही असलं तर काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

शेठ टेबलाशी बसून दोघांच्या चपलांना पॉलिश करत होते. हा त्यांचा रोजचा उद्योग होता, आणि तो अजून आरशासारखा लख्ख जमत होता. बाईंनी हातपाय धुतले, खंड मांडीवर घेतला आणि पान उघडलं.

"आज पुस्तकातून?" शेठनी विचारलं.

"हो. ऐका." त्यांचा आवाज जरा चढाच लागला. "प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारी आणि तो उलटा वळताच आपोआप बंद होणारी योजना."

शेठनी ब्रश खाली ठेवला. टेबलाच्या कडेवरून, चामड्याची जात बघावी तसा, अंगठा फिरवत राहिले. बाई त्यांच्या अंगठ्याकडे बघत होत्या. बोला, त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, अहो, बोला, माझ्या भावाला शिव्या द्या.

"परत वाच."

बाईंनी परत वाचलं.

"चावतेय," शेठ म्हणाले.

"कुठं?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. असा प्रश्न बाईंनी फार दिवसांत विचारला नव्हता.

"कोणी लिहिलंय हे?"

"मीच. जुनं आहे. पहिल्या खंडातलं." बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "तुमचीच सही आहे यावर."

पॉलिशच्या डबीचं झाकण त्यांनी लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"म्हणालात, म्हणजे तुझा भाऊ. आपल्या घरात येतो सरळ. जा म्हटलं की दार बंद."

शेठ जे हसत सुटले ते थांबेनात. टेबलावर थाप मारली. डोळ्यांतून पाणी आलं. "अगदी बरोबर! अगदी तुझा भाऊ गं! जा म्हटलं की दार बंद!" बाईही हसल्या, त्यांना हसल्याशिवाय राहवेना, आणि हसता हसताच त्यांच्या लक्षात आलं की हा विनोद शेठ पहिल्यांदाच ऐकत होते.

हळूहळू हसू ओसरलं. शेठनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"हे मी म्हणालो?"

"तुम्हीच."

"चांगलं म्हणालो की." त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. "म्हणजे ही चावत नाही."

"नाही."

"मग बाकीच्याही चावत नव्हत्या."

बाईंनी खंड मिटला. शेठनी बाईंची चप्पल हातात घेतली आणि तिच्या टाचेकडे बघत बोलू लागले.

"दुकानात असं गिऱ्हाईक यायचं. पाय सुजलेला असायचा, आणि नावं ठेवायचं बुटाला. मी आपला एकावर एक जोड काढून दाखवायचो, सगळे चांगले, एकही बसायचा नाही. त्याला सांगायचं जिवावर यायचं माझ्या. तो बिचारा प्रत्येक नव्या खोक्याकडे इतक्या आशेनं बघायचा." त्यांनी चप्पल खाली ठेवली. "तू दर वेळी परत लिहायला बसायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, असेल बुवा, बुटातच असेल."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"थोडंथोडं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू इतकं सोपं करून आणायचीस माझ्यासाठी. म्हटलं, एखादं कळेल."

बाईंनी त्यांचा हात धरला. हाताला पॉलिश लागलेलं होतं, ते बाईंच्या बोटांना लागलं.

"उद्या मला दाखवून आण डॉक्टरांना," शेठ म्हणाले. "आणि सही दुसऱ्या कुणाची घे. तुझं काम अडायला नको."

"सही मिळेल. धाकटीच्या सासूबाईंची."

"बाई कशी आहे?"

"खाष्ट आहे."

"मग चांगली आहे," शेठ म्हणाले. मिठाची बरणी आणि पेला त्यांनी आपल्यापासून दूर, टेबलाच्या टोकाला सरकवला आणि खुर्चीत मागे टेकून बसले. "ती तुझी अडलेली कुठली? ती वाच. पहिल्यांदा लिहिली होतीस तशीच. मी काही सांगणार नाही, नुसती ऐकतो."

बाईंनी पिशवीतून पहिला मसुदा काढला आणि वाचला. शेठनी डोळे मिटून ऐकला.

"परत वाच," ते म्हणाले.

बाईंनी परत वाचला, एकही शब्द न बदलता.