भाड्याचा गळा

मी माईक बोलतोय. हसू नका. एकवीस वर्षं माझ्यातून तुम्हीच बोललात, गायलात, खोकलात, आणि मी गप ऐकून घेतलं. आज माझी पाळी आहे. शिट्ट्या मारायच्या असतील तर नंतर मारा.

माझा जन्म दिल्लीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. आईबाप ठाऊक नाहीत. भावंडं मात्र एका खोक्यात बारा होती. अकोल्याच्या बाजारातून एसटीच्या टपावर बसून मी मानोऱ्याला आलो आणि पदमचंद शेटजींच्या मंडप-साउंडच्या दुकानात खिळ्याला लटकलो. शेटजी मोठे धर्माचे. मुंगी मरू नये म्हणून खाली बघून चालतात. लग्नात भोंगे मात्र असे लावतात की अर्ध्या गावाच्या कानांना मोक्ष मिळावा.

शाळेचं म्हणाल, तर मी वर्षातून दोनच दिवस शाळेत गेलो. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. म्हणून माझं शिक्षण 'अध्यक्ष महोदय'पासून सुरू होतं आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' इथं संपतं. मधलं काही मला येत नाही. बोलणाऱ्यांनाही येत नव्हतं.

कलावंत मला सुराआधी वासानं कळतो. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा भावगीतवाला, कांदा खाणारा पोवाडेवाला, वेलदोडा चघळणारा निवेदक. हातात घेतलं की आधी माझ्या टाळक्यावर टकटक करणार, मग तोंडावर फुंकणार. तुमच्या घरी पाहुणा आला तर त्याच्या तोंडावर फुंकता काय हो?

आणि कला तरी कसल्या! गणपतीतल्या नाटकात नटाला तलवार लागते मंडपाच्या कोपऱ्यात. पण तो तिथं मरत नाही. पोट धरून चालत चालत माझ्यापर्यंत येतो, दोन पानी वाक्य म्हणतो, उच्चार नीट आला का बघतो, मग मरतो. हौशी गायकांचं वेगळंच. मोबाइलवर शब्द वाचून गातात. प्रेयसी सोडून गेली की परत आली, हे त्यांना पुढची ओळ उमटल्यावर कळतं. तोवर चेहरा दोन्हीकडून चालेल असा ठेवतात. शेटजींची सून त्रिशलाबाई, तिचं भजनी मंडळ आहे. शब्द देवाचे, चाल सिनेमाची. आणि सिनेमात ती चाल कोणत्या नाचाची होती, हे सगळ्या बायांना माहीत. तिसऱ्या कडव्यात एखादीचा खांदा हललाच म्हणून समजा.

एकच भाषण मी मनापासून ऐकलं. पोहरादेवीच्या यात्रेत एका बाईनं नवरा हरवला म्हणून मला हातात घेतलं. ओळख पटावी म्हणून त्याचे अवगुण सांगायला लागली. नवरा मागं येऊन उभा राहिला तरी थांबेना. त्याला वक्तृत्व म्हणतात.

बाकीच्यांसाठी माझ्याजवळ दोन औषधं होती. एक, कुई. गवयानं डोळे मिटून तान उचलली की मी कानात सळई घातल्यासारखी कुई काढायचो. तान खाली, गवई लाल, पोरं खूश. दुसरं, रुसणं. माझ्या पोटात एक तार सैल झाली होती. मनात आलं की मी मुका. लोक शेटजींना शिव्या द्यायचे, शेटजी मला. मजेत दिवस चालले होते.

मग गेल्या चैत्रात सोमलाच्या पोरीचं लग्न आलं.

सोमला मानोऱ्याजवळच्या बंजारा तांड्यातला. दसरा झाला की बायकोसकट ऊस तोडायला खाली साखर कारखान्यांकडं जायचा. पोरगी चंदा लहान असेतो सोबत न्यायचा, मग आश्रमशाळेत टाकली. चंदा शिकली, मोबाइलच्या दुकानात लागली. भाषा मराठी झाली, घरची बोली अर्धी विसरली. आणि तांड्याची रीत अशी की नवरी निघताना तिनं स्वतः ढावलो, म्हणजे निरोपाचं रडगाणं, म्हणायचं. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, आपलेच शब्द जुळवत. दुसऱ्यानं शिकवलेलं पाठ म्हणून चालत नाही. मागच्या वर्षी एका नवरीला तो जमला नाही, तर तांडा अजून तिला 'मुकी' म्हणतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी शेटजींनी मला मांडवात उभं केलं. चंदाची आजी रुपाबाई तिला घेऊन आली. म्हातारी काटक, हातभर पांढऱ्या बांगड्या, जीभ बाभळीच्या काट्याची.

"बोल वं. लाजतं काहून? नवऱ्याशी फोनवर तर बोलून राह्यली होती मोठ्यानं."

"दादी, मले शब्द नाही सुचत."

"शब्द बापाच्या तोंडाकडं पाह्यलं की येतेत. म्हन."

चंदानं मला हातात घेऊन आवाज काढला. कोवळा, थोडा फाटलेला. मी काय केलं? माझी खोड. आली लहर, काढली कुई. अशी लांब काढली की मांडवातली कुत्री पळाली आणि जेवणाची पानं लावणारे गडी पोट धरून हसले. मीही हसलो. चंदानं मला खाली टाकलं आणि घरात गेली ती गेलीच.

"झालं!" रुपाबाई म्हणाली. "भोंग्यानं खाल्ली पोरगी."

सोमला आत गेला, बाहेर आला. दाराआडून म्हणाला, "चंदे, उद्या म्हनशील न वं?"

आतून आवाज आला, "मी नाही म्हनत. हसतेत लोकं."

हे ऐकून सोमलाचं तोंड उतरलं. पोरीला जन्मभर मुकी म्हणतील, याचं त्यानं एवढं मनावर घेतलं की सरळ वाशीमच्या ऑर्केस्ट्रातल्या अंजूबाईला फोन लावला. व्हिडिओ शूटिंगवाला अमरदीप तिथंच होता. तो तर नाचायलाच लागला.

"मामा, फर्स्टक्लास! बाई पडद्यामागून गाईन, चंदा समोर व्हट हलवन. शिनेमात असंच राह्यते. कोनाच्या बापाले समजत नाही."

"रडनं बी तीच करन?" सोमलानं विचारलं.

"रडनं तिचं पेशल हाय!"

रुपाबाईनं ऐकलं आणि पचकन थुंकली. "उद्या लेकरू बी भाड्यानं आनजा."

मी म्हणालो, वा! आजवर भाड्याचा माईक होता, आता भाड्याचा गळाही आला. माणसांना नाटकाचा कंटाळा येईल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. अंजूबाई पडद्यामागं गरम पाणी पीत बसली होती. वाईट बाई नव्हती. गळा गोड होता. पण गोडवा असा की जिलबीवर साखर. तिनं मला हातात घेतलं, तोंडासमोर कागद धरला. कागदावर ओळींच्या मधे लाल शाईनं लिहिलं होतं, 'हुंदका'. पुन्हा, 'हुंदका'. शेवटी, 'मोठा हुंदका'.

पडद्यापुढं चंदा सोमलाच्या गळ्यात पडली. अमरदीपनं हात वर केला. अंजूबाईनं सूर लावला आणि भोंग्यातून तो साऱ्या तांड्यावर पसरला. चंदाचे ओठ हलायला लागले. बाया पदर डोळ्याला लावू लागल्या. पहिला हुंदका आला, बरोबर जागेवर. पडद्याच्या फटीतून मला चंदाचं तोंड दिसत होतं. हुंदका भोंग्यातून आला तेव्हा तिचं तोंड मिटलेलं होतं. घाबरून तिनं ते उघडलं, तोवर हुंदका संपला होता.

मला दया आली असं समजू नका. दया माझ्या अंगात नाही, पत्रा आहे. मला फक्त तो दुसरा लाल हुंदका ऐकायचा नव्हता. मी रुसलो.

भोंगे बंद. पडद्यामागून अंजूबाईचा साधा आवाज कुठल्या कुठं बारीक यायला लागला. पडद्यापुढं चंदाचे ओठ हलतच होते. एका पोरानं पडदा ओढला. खुर्चीवर पाय घेऊन बसलेली अंजूबाई, हातात कागद, बाजूला थर्मास. अख्खा तांडा बघत राहिला. मग जे हसू फुटलं म्हणता! नवरदेवाकडचे सुद्धा हसले.

"सोमला, रडायले मजूर लावला काय रे?"

सोमला जमिनीत जायला जागा शोधत होता. शेटजी माझ्या टाळक्यावर थापा मारत होते. मी बोललो नाही तो नाहीच.

चंदानं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. आणि तिनं तोंड उघडलं. अर्धं घरच्या बोलीत, अर्धं आपल्या मराठीत, चाल मोडकी, श्वास चुकलेला. मला समजलं तेवढं सांगतो:

"बा रे, उसाच्या फडात मले पाचटाची सावली केली तू. कोयता ठेवून माझ्यासाठी पानी आनलं तू. अन् आज माझं रडनं दुसरीच्या तोंडून आनलं. मी गेलीच नाही अजून, तं माझं तोंड तुले परकं कसं झालं रे बा?"

हसणं कुठल्या कुठं थांबलं. ती थांबली नाही. बापाला बोलली, आईला बोलली, आश्रमशाळेच्या दारात तिला सोडून मागं न बघता गेले ते बोलली. आजीला म्हणाली, तुझ्या बांगड्या आता कोन धुवून देईन? सोमला उभ्या उभ्या लहान पोरासारखा रडत होता, आणि त्याचे हुंदके कुठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

"असाच राह्यते ढावलो," रुपाबाई डोळे पुसत, पण ऐटीत म्हणाली. "बापाले दोन शिव्या बसल्याबिगर पोरगी उठत नसते."

अंजूबाईही रडली. फुकट.

गाडी गेली. शेटजींनी मला वायरसकट गुंडाळून पत्र्याच्या पेटीत टाकलं.

आता अमरदीपचा पराक्रम ऐका. त्याच्या कॅमेऱ्यात आवाज माझ्याकडून जात होता. मी मुका, म्हणून त्या जागी व्हिडिओही मुका. त्या हुशारानं तिथं सिनेमाचं सनईचं संगीत भरलं. चंदाचं तोंड उघडतंय, बाप रडतोय, आणि वर सनई. नातेवाईक बघतात आणि म्हणतात, काय गोड शूटिंग! थू तुमच्या कलेवर.

व्हिडिओ पाहून तिसऱ्या दिवशी सोमला दुकानात आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"शेटजी, तो माईक हाय का?"

"हाय. कायले? अजून लग्न काढलं काय?"

"नाही. म्हटलं... पोरगी याच्यासमोरच गायली न. अमरदीप म्हनते, आवाज याच्यातून जाते. मंग अडकून राह्यला असन याच्यातच. काढून द्या न."

शेटजी आधी हसले. गादीवर उलथेपर्यंत हसले. मग सोमलाच्या तोंडाकडं बघून उठून बसले. "आवाज माईकमंदी राह्यत नाही, सोमला. इकडून जाते, तिकडून निंगते. तिले फोन लाव, अन् म्हनाव गाय."

"असं कसं गाईन शेटजी? पोरगी एकदा उंबऱ्याबाहेर गेली की ढावलो म्हनत नाही. अपशकुन राह्यते."

शेटजींनी मला पेटीतून काढलं, पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

एकवीस वर्षांत मला ज्यानं ज्यानं धरलं त्यानं तोंडाला लावलं. मंत्री, गवई, मास्तर, नट, सगळ्यांनी. सोमलानं मला कानाला लावलं. डोळे मिटले. बाहेर मानोऱ्याच्या रस्त्यावर कुणाचातरी डीजे वाजत चालला होता, तर त्यानं दुसऱ्या हातानं दुसरा कान झाकला.

भल्या माणसा, मी त्या दिवशी गाणाऱ्या बाईपासून ढोंगी माणसांपर्यंत सगळ्यांना हरवलं म्हणून फुशारलो होतो. तुझ्या पोरीचं गाणं मला ऐकू आलं, पण जवळ ठेवता आलं नाही. माझ्या पोटात एक सैल तार आहे, दुसरं काही नाही. आता माझ्यावर हस. मनसोक्त हस, मला राग येणार नाही. फक्त एवढ्यात खाली ठेवू नकोस.